बाई आभाळातून येते तो सिनेमा

“ही काही देवी नव्हे,” मामी म्हणाली.

टीव्हीच्या पडद्यावर मक्याच्या शेतात एक चकचकीत तबकडी तिरकी रुतून बसली होती. तिच्यातून धूर निघत होता आणि धुरातून चांदीच्या रंगाचे घट्ट कपडे घातलेली एक गोरी बाई खाली उतरत होती. लेडीज क्लबच्या हॉलमध्ये जाजमावर बसलेल्या बायकांपैकी निम्म्यांनी हात जोडले होते, ते त्यांनी हळूच खाली घेतले.

“बाई आभाळातून येते तो सिनेमा द्या, असं मी त्या व्हिडिओवाल्याला स्पष्ट सांगितलं होतं,” मामी म्हणाली.

“आली की मग आभाळातनं,” मुजावरभाभी म्हणाल्या. “त्याची काय चूक?”

भाभींचे यजमान कारखान्याचे टाइमकीपर होते. सगळ्या कॉलनीत मामीला उलट उत्तर देणाऱ्या त्या एकट्याच होत्या, आणि मामीला त्यांच्याशिवाय करमत नसे.

गोष्ट शहाऐंशी सालच्या मे महिन्यातली. सांगलीकडच्या एका साखर कारखान्याची कॉलनी. गळीत हंगाम संपला होता, यंत्रं थांबली होती आणि दुपारी कुणालाच काही काम नव्हतं. तेव्हा सिनेमा पाहणं याला ‘व्हिडिओ आणणं’ म्हणत. कॉलनीतल्या बायकांच्या मंडळाने पहिल्यांदाच व्हिडिओ आणला होता. व्हिडिओवाला मशीन जोडून, कॅसेट घालून, संध्याकाळी येतो म्हणून तालुक्याला निघून गेला होता. म्हणजे दुसरा सिनेमा मिळण्याची काही शक्यता नव्हती.

“इंग्रजीत बोलतायत सगळे,” कुणीतरी मागून म्हणालं.

“मग शरयू सांगेल,” मामी म्हणाली. “बी.एस्सी. झालीय ती. ये गं पुढे. टीव्हीच्या शेजारी बस.”

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. त्यांत माईही होत्या, आणि मला नेमकं तेच नको होतं.

माई म्हणजे सदानंदची आई. सदानंद उपळेकर कारखान्यात बॉयलरवर इंजिनिअर होता. मी प्रयोगशाळेत केमिस्ट होते, उसाच्या रसातली साखर तपासायचे आणि मामाच्या क्वार्टरमध्ये राहायचे. दोन हंगाम आम्ही एकमेकांशी फक्त वाफ आणि रस यांवर बोललो. तिसऱ्या हंगामात त्याने लग्नाचं विचारलं. मी इतक्या पटकन हो म्हणाले, की त्याने प्रश्न पुन्हा विचारला.

अडचण माझ्या पत्रिकेत होती. सातव्या घरात मंगळ. मंगळाची मुलगी केली की नवऱ्याच्या जिवावर बेततं, असं मानणारी घरं तेव्हा पुष्कळ होती, आणि उपळेकरांचं त्यांतलंच एक होतं. वडील नव्हते. जे काही ठरायचं ते माईंकडून. त्या मला पाहायला मिरजेहून आल्या होत्या आणि रविवारी सकाळी परत जाणार होत्या. जाण्याआधी हो किंवा नाही सांगणार होत्या.

“आईने नाही म्हटलं तरी आपण लग्न करू,” सदानंद म्हणाला होता.

“मी नाही करणार,” मी म्हणाले होते. “तुला शिंक आली की सगळे माझ्याकडे बघणार. अशा घरात मला राहायचं नाही.”

हे मी मनापासून म्हटलं होतं. आणि त्यानंतर, व्हिडिओच्या आदल्या संध्याकाळी, मामीकडे चहाला आल्या असताना, माईंनी मला सरळच विचारलं, “तुला स्वतःला काय वाटतं गं, त्या मंगळाबद्दल?”

“पृथ्वीपासून सरासरी साडेबावीस कोटी किलोमीटरवर आहे,” मी म्हणाले.

मला खरोखर वाटलं होतं, की हे ऐकून त्यांना धीर येईल. माईंनी कप बशीत ठेवला. मामीने पोह्यांची आणखी एक बशी आणली, मग आणखी एक आणली. रात्री मामी म्हणाली, “एरवी तोंडातून शब्द काढत नाहीस, आणि काढलास तो हा?”

तर अशी मी टीव्हीच्या शेजारी जाऊन बसले. समोर सगळं मंडळ, आणि पहिल्या रांगेत, एकुलत्या एका खुर्चीत, माई.

पडद्यावर एक पिंजारलेल्या पांढऱ्या केसांचा म्हातारा शेताच्या बांधावर आला. त्याच्यामागे त्याचा देखणा मुलगा आणि मुलाच्या मागे कुत्रा. कुत्रा भुंकला नाही. धावत गेला आणि त्या बाईच्या पायाशी बसला.

“कुत्र्याला कळलं,” भाभी म्हणाल्या. “माणसांना शेवटी कळणार.”

“हा म्हातारा प्रोफेसर आहे,” मी सुरुवात केली. “तो पंचवीस वर्षं सांगतोय की आभाळातून कुणीतरी येणार, पण त्याच्यावर कुणाचा विश्वास नाही.”

“बायको नसेल त्याला,” मामी म्हणाली.

“सोडून गेली,” मी म्हणाले. ते वाक्य नुकतंच आलं होतं.

मामीने विजयी नजरेने सगळीकडे पाहिलं.

प्रोफेसरने त्या बाईला काहीतरी विचारलं. ती थांबली, तिने वर बोट केलं आणि एक नाव सांगितलं. तसला कुठलाही ग्रह नाही. ‘झ’ने सुरू होणारं काहीतरी होतं, आणि पुढे आकडा.

“कुठनं आली म्हणते?” मामीने विचारलं.

मी माईंकडे पाहिलं नाही. आदल्या संध्याकाळपासून माझ्या आत काहीतरी तापत होतं, त्याला मी तोवर नाव दिलं नव्हतं. राग होता तो.

“मंगळावरून,” मी म्हणाले.

माझी गोष्ट सगळ्या कॉलनीला ठाऊक होती. मामीने डोळे मिटून घेतले.

“म्हणजे मंगळाची मुलगी!” मुजावरभाभी ओरडल्या, आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला. मागच्या रांगेतून एक हसू फुटलं, ते दाबता दाबता दुसरीकडून फुटलं, आणि अखेर सगळा हॉल खांदे हलवत बसला. माईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्या पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, “पुढे काय म्हणते?”

मग मी पुढे सांगत गेले.

पहिल्यांदा माझं भाषांतर लांबलं की पडद्यावरची माणसं दुसरंच काही बोलू लागत. हळूहळू जमू लागलं. खरं तर मंडळाला माझी फारशी गरजच नव्हती. काय घडणार ते त्यांना माझ्याआधी कळत होतं. त्या बाईला पृथ्वीवरचं काही ठाऊक नाही, म्हणून ती साबण खाऊन बघणार, हे त्यांना कळलं. तिने सुकलेल्या झाडाला हात लावला तेव्हा, “आता पालवी,” असं तिघी एकदम म्हणाल्या. छातीवर पदकं लावलेला जनरल आला, आणि त्याने चष्मा काढायच्या आत भाभींनी त्याला ओळखलं.

“हा बाँब टाकायला सांगणार बघा. याला दुसरं काही सुचणारच नाही.”

“जनरल म्हणतो, बाँब टाका,” मी म्हणाले.

अवकाशात दोन यानं एकमेकांवर आदळून मोठा धडाका झाला, तेव्हा मला राहवलं नाही. “असा आवाज येत नाही,” मी सांगितलं. “तिथे हवाच नसते.”

“आला की आत्ता,” भाभी म्हणाल्या. “माझ्या कानानं ऐकला.”

“तो सिनेमातला.”

“मग आम्ही काय खरा बघायला आलोय होय?”

मी हसले. मी एवढ्या बायकांसमोर हसले याचं मलाच नवल वाटलं. त्यानंतर मी प्रोफेसरसाठी एक आवाज काढला, जनरलसाठी दुसरा. त्या बाईचं मात्र मी माझ्याच आवाजात बोलत होते.

मग सिनेमातल्या गावात एक पूल पडला. दिवे गेले. नगराध्यक्ष झोपेत मेला. चौकात माणसं जमली आणि जनरल जीपवर उभा राहिला.

“तो म्हणतोय,” मी सांगितलं, “ही आल्यापासून सगळं वाईट घडतंय. तो माणूस हिच्यामुळे मेला. हिला परत पाठवा, नाहीतर आणखी मरतील.”

“तो आधीच आजारी होता.”

हे माई म्हणाल्या. मोठ्याने, भांडल्यासारखं.

“कोण, नगराध्यक्ष?” मामीने विचारलं. “ते कधी दाखवलं?”

“मगाशी खोकला नाही का एकदा?” भाभी म्हणाल्या. “सिनेमात एकदा खोकला म्हणजे गेलाच तो.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी टीव्हीच्या बाजूला बसले होते, म्हणून मलाच दिसलं, की माई पडद्याकडे पाहतच नव्हत्या. त्या स्वतःच्या हातांकडे पाहत होत्या.

“प्रोफेसर तेच सांगतोय,” मी त्यांना म्हणाले. ते खरं होतं. “तो म्हणतो, पूल जुना होता. माणूस आजारी होता. ही फक्त त्या वेळी आली.”

“मग ऐकतायत का त्याचं?” माईंनी विचारलं.

“नाही.”

“नाहीच ऐकणार,” त्या म्हणाल्या.

शेवटाकडे जनरलच्या बाँबचं उलटं मोजणं सुरू झालं. दहा, नऊ, आठ. मुलगा तारा तोडायला धावला, एक लाल, एक निळी. “एकावर थांबणार,” असं सगळं मंडळ म्हणत होतं, तरी सगळ्यांनी एकमेकींचे हात धरले होते. एकावर थांबलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. जनरलला स्वतःची चूक कळली, म्हणून त्याने टोपी काढली. मुलाने त्या बाईला मिठी मारली, तेव्हा सवयीने दोघीतिघींनी खाली पाहिलं. आता सिनेमा संपणार, म्हणून मामी चहाचं बघायला उठली.

आणि ती बाई मिठीतून सुटून पाठ फिरवून तबकडीकडे चालू लागली.

“अगं, कुठे चालली?” मामी म्हणाली आणि परत बसली.

“काय म्हणते?” माईंनी विचारलं.

इथेही मला दुसरं काही सांगता आलं असतं. पण ती बाई रडत होती, ते सगळ्यांना दिसत होतं. “ती म्हणते, माझी जागा इथे नाही,” मी म्हणाले. “मी गेले की तुम्ही सगळे सुखाने राहाल.”

तबकडी वर गेली. मुलगा शेतात उभा राहून वर बघत राहिला. प्रोफेसरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. संगीत मोठं झालं आणि पांढरी नावं वर सरकू लागली.

हॉलमध्ये जो गलका झाला, तसा मी त्यानंतर फक्त निवडणुकीच्या निकालाला ऐकला आहे.

“म्हणजे गाव वाचवलं तिनं, आणि जायचं पण तिनंच?”

“त्या पोराला तोंड नाही? थांब म्हणता येईना?”

“या असल्या सिनेमात बाहेरची बाई राहतच नाही,” भाभी कडवट आवाजात म्हणाल्या. “एक तर मरते, नाहीतर परत जाते.”

माई खुर्चीतून उठल्या होत्या. “शरयू,” त्या म्हणाल्या. मला नावाने हाक त्यांनी पहिल्यांदाच मारली. “ते मागे नेता येतं ना?”

“काय?”

“तो व्हिडिओ. मिरजेला शेजारी आणतात, मी बघितलंय. मागे ने.”

मी बटण दाबलं. पडद्यावर आडवे पांढरे पट्टे आले. नावं खाली उतरून नाहीशी झाली. प्रोफेसरने मुलाच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. आभाळात एक ठिपका दिसला, तो मोठा होत गेला, आणि तबकडी डुलत डुलत मक्याच्या शेतात येऊन उतरली.

“आली!” कुणीतरी किंचाळलं.

दार उघडलं. ती बाई पाठमोरी बाहेर आली आणि उलट्या पावलांनी, घाईघाईने, जणू काही विसरलं म्हणून परतावी तशी मुलाकडे चालत आली. तिच्या गालावरचं पाणी वर चढून डोळ्यांत गेलं. मंडळ उभं राहून टाळ्या पिटत होतं.

“आता काय म्हणते?” माईंनी विचारलं.

“काही ऐकू येत नाही, माई. मागे जाताना आवाज नसतो.”

“मग तू सांग.”

पट्ट्यांच्या आड ती बाई बोलत होती. ओठ भराभर हलत होते.

“राहते म्हणते,” मी म्हणाले.

ती मुलाच्या मिठीत शिरली.

“थांबव,” माई म्हणाल्या. “इथेच थांबव. झाला सिनेमा.”

चहा झाला, बायका पांगल्या. त्यांतल्या कितीतरी जणी जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेल्या. मी वायर गुंडाळत होते, तेव्हा माई जवळ आल्या.

“ती खरंच मंगळावरून आली म्हणाली होती?”

“नाही,” मी म्हणाले. “दुसरंच नाव होतं. तो ग्रह नाहीच कुठे.”

“मग मंगळ कुणी घातला त्यात?”

“मी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलू लागलं. त्या हसत होत्या, अगदी आवाज न करता, पदराने डोळे पुसत. “काल पुस्तकातलं बोललीस,” त्या म्हणाल्या. “आज तुझं बोललीस. मला वाटत होतं, या मुलीला राग येतो की नाही?”

“येतो.”

“बरं आहे. बैस इथे.”

आम्ही जाजमावर बसलो. त्यांनी मला जे सांगितलं ते थोडक्यात असं. त्यांचा मोठा भाऊ लग्नानंतर सहा-सात महिन्यांत गेला. बायको मंगळाची होती. पत्रिका नीट पाहिली नव्हती, असं मागाहून निघालं. तेराव्यानंतर तिला माहेरी पाठवून दिलं. माई तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. तिची ट्रंक त्यांनीच दाराबाहेर नेऊन ठेवली.

“त्याला लग्नाच्या आधीपासून क्षय होता,” माई म्हणाल्या. “आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तिला तेवढं नव्हतं. आणि तरी माझ्या मनात हेच, की मंगळामुळे गेला. इतकी वर्षं मी तेच धरून बसले. दुसरं धरायचं म्हणजे आईवडिलांना दोष द्यायचा.”

“आता कुठे असतात त्या?” मी विचारलं.

“तासगावला असते म्हणतात ती. शाळेत शिकवायची.” त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. दारात सदानंद येऊन उभा होता. तो कधीपासून उभा होता कोण जाणे, पण त्याचा चेहरा निकाल ऐकायला आलेल्या मुलासारखा झाला होता.

“उद्या मिरजेला नाही जायचं,” माई त्याला म्हणाल्या.

“का? काय झालं?”

“तासगावला जायचंय. तू, मी आणि तुझी बायको.”

“कोण?” सदानंद म्हणाला.

“ऐकू येत नाही का रे याला?” माईंनी मला विचारलं. “बॉयलरवर कान गेले वाटतं. आत्ताच बघून ठेव, नंतर माझ्याकडे तक्रार नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, पत्ता विचारत विचारत, आम्ही तिघं तासगावच्या एका गल्लीत, दोन खोल्यांच्या घरासमोर उभे होतो. कुंड्यांमध्ये ओवा आणि गवती चहा लावला होता. एस.टी.त माई सारखं काहीतरी पुटपुटत होत्या. काय बोलायचं त्याची तयारी चालली होती. कडी वाजवली ती सदानंदने.

दार उघडलं ते पांढऱ्या केसांच्या, काटक बांध्याच्या बाईंनी. हातात लाल शाईचं पेन होतं. निवृत्त झाल्यावरही गल्लीतल्या मुलांच्या वह्या तपासत असाव्यात. त्यांनी माईंकडे पाहिलं, आणि पाहता पाहता पेन खाली आलं.

“वन्सं?”

माईंनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं आणि इतक्या मैलांचं पाठ केलेलं, त्यातला एक शब्दही बाहेर येईना. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. सदानंद माझ्याकडे बघत होता. कुणीतरी बोलायला हवं होतं.

“मी शरयू,” मी म्हणाले. “हा सदानंद, यांचा मुलगा. मी यांची होणारी सून.” आणि एवढं पुरेसं वाटेना, म्हणून पुढे म्हणाले, “मलाही मंगळ आहे. सातव्या घरात.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सदानंदकडे पाहिलं, तो धडधाकट उभा होता. माझ्या दंडावरच्या माईंच्या हाताकडे पाहिलं. आणि मग त्या हसल्या, इतक्या मोठ्याने की शेजारच्या दारातून कुणीतरी डोकावलं.

“आणि स्वतः हाताला धरून घेऊन आलात हिला?” त्या माईंना म्हणाल्या. माईंचे डोळे भरून आले होते, ते बघून त्यांनी दार सताड उघडलं. “या, आत या. रडायचं ते चहा झाल्यावर.”